हानले, कावलूर, कोडाईकनाल की नैनिताल? विदर्भातील खेड्यातून वेधशाळेची सहल ठरवताना

हरभरा घाट्यावर आला की रानडुकरे आणि रोही यांच्यापासून पीक राखण्यासाठी दारव्हा तालुक्यातील आमच्या गावात जवळजवळ प्रत्येक घरातून कोणीतरी रात्री जागलीला जातो. मचाणावर रात्री काढलेल्या या माणसांना तिकांडे, म्हणजे मृगातील ओळीतले तीन तारे, माथ्यावरून कधी ढळते, बाजले, म्हणजे सप्तर्षी, कोणत्या धुऱ्यावरून वर येते आणि दक्षिणेकडे एकटाच झळकणारा अगस्त्य केव्हा मावळतो, हे घड्याळ न पाहता सांगता येते. याच गावातील शाळेत मी विज्ञान शिकवतो. आठवी-नववीची मुले, त्यांचे पालक आणि दोन-तीन आजोबा यांनी मिळून डोंगरावरची एखादी मोठी वेधशाळा पाहायला जायचे ठरवले, तेव्हा "सर, कुठे जावे ते तुम्हीच सांगा" असे मला सांगण्यात आले. मी कावलूर, कोडाईकनाल आणि हानले येथे जाऊन आलो आहे, नैनितालही पाहिले आहे. प्रत्येक ठिकाणाचे सांगण्यासारखे पुष्कळ आहे, परंतु ज्या घराचे वर्षाचे गणित कापूस आणि सोयाबीनवर चालते, त्या घराने पहिल्यांदा कोठे पैसे आणि दिवस खर्च करावेत, एवढाच प्रश्न मी येथे घेतो आहे.

सर्वांत आधी एक गैरसमज दूर केला पाहिजे, कारण निम्मी निराशा त्यातूनच जन्माला येते. वेधशाळेतील मोठ्या दुर्बिणीला डोळा लावून पाहायला मिळेल, अशी अपेक्षा ठेवून कोणीही निघू नये. दोन-तीन मीटर व्यासाच्या आरशाच्या या दुर्बिणींच्या मागे आता माणसाचा डोळा नसतो, तेथे कॅमेरा किंवा प्रकाशाचे रंग वेगळे करून मोजणारा वर्णपटमापक बसवलेला असतो, आणि त्यांची प्रत्येक रात्र संशोधकांना कित्येक महिने आधी वाटून दिलेली असते. हानलेच्या दोन मीटरच्या दुर्बिणीजवळ तर खगोलशास्त्रज्ञाने बसण्याचीही गरज नसते. बंगळुरूजवळच्या होसकोटे येथील केंद्रातून उपग्रहाच्या दुव्यावरून ती चालवली जाते. म्हणून दोन ठिकाणांची तुलना करताना आरशाचा व्यास किंवा डोंगराची उंची यांना मी फारसे महत्त्व देत नाही. दिवसा यंत्र किती जवळून पाहता येईल, रात्री नुसत्या डोळ्यांनी अथवा लहान दुर्बिणीतून प्रत्यक्ष काय दिसेल, आणि ते समजेल अशा भाषेत सांगणारा कोणी भेटेल का, या तीन गोष्टी मी पाहतो.

हानले

नावाचा दबदबा सर्वांत मोठा हानलेचा आहे आणि तो योग्यच आहे. लडाखच्या पूर्व टोकाला, सुमारे ४५०० मीटर उंचीवर, भारतीय खगोलभौतिकी संस्थेची ही वेधशाळा आहे. शास्त्रज्ञ चंद्रशेखर यांचे नाव दिलेल्या तेथील दोन मीटरच्या हिमालयीन चंद्र दुर्बिणीने सप्टेंबर २००० मध्ये पहिला प्रकाश टिपला, आणि शेजारी गॅमा किरणांचा वेध घेणारी २१ मीटर व्यासाची 'मेस' दुर्बीण ऑक्टोबर २०२४ मध्ये औपचारिकपणे सुरू झाली. डिसेंबर २०२२ मध्ये या परिसरातील १०७३ चौरस किलोमीटर क्षेत्र अंधारे आकाश राखीव क्षेत्र म्हणून अधिसूचित झाले. रात्री गाडीचे दिवे उघडे ठेवू नयेत, घराच्या खिडक्यांना जाड पडदे असावेत, असे नियम तेथील गावकरी पाळतात, आणि गावातील तरुण-तरुणींना दुर्बीण चालवण्याचे शिक्षण देऊन तेच पाहुण्यांना आकाश दाखवतात. हे सगळे हिंदीतून होते, ही आपल्या मुलांच्या दृष्टीने फार मोठी सोय आहे. मोठी दुर्बीण दिवसा पाहता येते, आणि रात्रीचे आकाश हे गावाच्या अंगणातून, मुक्कामाच्या घराच्या दारातून पाहायचे असते.

मी तेथे दोनदा गेलो. पहिल्या खेपेला मी आणि माझे तीन शिक्षक मित्र एका सहल कंपनीच्या भरवशावर निघालो होतो. तारखा त्यांनी त्यांच्या गाड्यांच्या सोयीने ठरवल्या, आणि आम्हीही पंचांग उघडून पाहिले नाही. आम्ही पोहोचलो ती रात्र पौर्णिमेच्या आदली होती. बर्फाच्या शिखरांवर चांदणे सुंदर पडले होते, यात शंका नाही, परंतु आकाशगंगेचा मागमूसही नव्हता आणि गावातील आकाश दाखवणारी मुलगी आम्हाला "आप लोग दस दिन बाद क्यों नहीं आए?" असे कळवळून विचारत होती. दुसऱ्या खेपेला ज्येष्ठ अमावास्येच्या सुमारास गेलो, तेव्हा तिच्या प्रश्नाचा अर्थ उमगला. रात्री अकराच्या सुमारास अंगणात उभा राहिलो, तर आकाशगंगेतील काळे पट्टे, म्हणजे ताऱ्यांच्या गर्दीसमोर आडवे आलेले धुळीचे ढग, कोळशाने रेघा ओढाव्यात इतके ठसठशीत दिसत होते. क्षितिजालगतचे तारेही मंद झालेले नव्हते. डोंगराच्या काळ्या कडेमागून तारा वर येताना हळूहळू उजळत येत नव्हता, एकदम लागत होता. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा कोणीतरी विजेरी लावली असेच वाटले.

असे आकाश दिसण्याची कारणे साधी आहेत. तेथील हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दाबाच्या निम्म्याहून थोडाच अधिक आहे, हवेत पाण्याची वाफ फार कमी आहे, आसपास शहर नाही, आणि हिमालयाच्या पर्जन्यछायेत असल्याने आपल्याकडे मृगाच्या सरी सुरू असतानाही तेथे आकाश बहुधा निरभ्र मिळते. मात्र दुर्बिणीला जे हवे, तेच माणसाच्या शरीराला जड जाते. दिल्लीहून विमानाने गेल्यास दीड तासात आपण ३५०० मीटरवरील लेहमध्ये उतरतो. यवतमाळ जिल्ह्यातील साडेचारशे मीटरच्या पठारावर आयुष्य काढलेल्या शरीराला ही उडी सोपी नाही. लेहमध्ये पूर्ण दोन दिवस काहीही न करता विश्रांती घेतल्याशिवाय पुढच्या अडीचशे किलोमीटरच्या रस्त्याला लागूच नये. डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणे ही लक्षणे दिसली तर आणखी वर न जाता थांबावे आणि वाढली तर खाली उतरावे, हा नियम सर्वांना माहीत असला पाहिजे. रक्तदाब, दमा किंवा हृदयाचा त्रास असलेल्या आजी-आजोबांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय नेऊ नये, आणि उंचीवरच्या त्रासाच्या गोळ्याही त्यांच्याच सल्ल्याने घ्याव्यात. अंधारात पाहण्याच्या शक्तीचाही प्राणवायूशी संबंध असतो. तो कमी पडला की अंधुक तारे ओळखण्याची नजर थोडी मंदावते, म्हणजे न रुळलेला माणूस जगातील उत्तम आकाशाखाली उभा राहूनही त्याचा पुरता लाभ घेऊ शकत नाही.

याला हंगामाचा पेच जोडून येतो. हानलेमध्ये लांब, स्वच्छ आणि तरीही सोसवेल अशा थंडीच्या रात्री सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मिळतात, आणि नेमकी तेव्हाच आपली सोयाबीनची सवंगणी असते. मे-जून हा शेतकरी घराला मोकळा काळ, आणि आपल्या विदर्भातील शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडत असल्यामुळे मुलेही मोकळी. परंतु त्या दिवसांत हानलेची रात्र आखूड असते आणि पुरता अंधार व्हायला रात्रीचे नऊ-सव्वानऊ वाजतात. तरीही मला मे महिन्याची अखेर किंवा जूनचा पहिला पंधरवडा, पेरणीच्या आधीचा, आणि त्यातही कृष्ण दशमी ते शुक्ल तृतीया एवढाच काळ हानलेसाठी व्यवहार्य वाटतो. घरून निघताना पारा ४४ अंशांवर असतो आणि तिसऱ्या-चौथ्या रात्री तो शून्याच्या जवळ येतो, म्हणून लोकरी कपडे उधार-उसनवारीने का होईना, आधीच गोळा करावेत. परवान्याचे काम लेह प्रशासनाच्या ऑनलाइन व्यवस्थेतून होते आणि प्रत्येकाचे ओळखपत्र लागते. मुलांच्या आधार कार्डावरील नावे शाळेच्या नोंदीशी जुळतात का, हे निघण्याच्या महिनाभर आधी तपासले पाहिजे.

कावलूर

हानलेच्या तुलनेत कावलूरचे नाव आपल्याकडे कमी लोकांना ठाऊक आहे. तामिळनाडूतील जवादी डोंगररांगेत, सुमारे ७०० मीटर उंचीवर, चंदनाची झाडे असलेल्या जंगलात ही वेधशाळा आहे. म्हणजे चिखलदऱ्याची उंची ११०० मीटर धरली, तर कावलूर आपल्या चिखलदऱ्यापेक्षाही बरेच खाली आहे. येथे येऊन कोणाला धाप लागणार नाही.

१९६० च्या दशकात वेणु बाप्पू या खगोलशास्त्रज्ञांनी दक्षिणेतील डोंगर धुंडाळून ही जागा निवडली, आणि १९६८ मध्ये ३८ सेंटिमीटरच्या दुर्बिणीने तेथे काम सुरू झाले. १९७२ मध्ये एक मीटरची दुर्बीण बसली. १० मार्च १९७७ च्या रात्री युरेनस एका ताऱ्यासमोरून जाणार होता, म्हणून ही दुर्बीण त्या ताऱ्यावर रोखलेली होती. युरेनस ताऱ्याला झाकण्याच्या आधीच ताऱ्याचा प्रकाश क्षणभर मंदावला. ग्रहाभोवती काहीतरी आहे, जे डोळ्यांना दिसत नाही पण ताऱ्याला झाकते, हे त्यावरून समजले. युरेनसला कडी आहेत, हा शोध जगातील ज्या मोजक्या नोंदींवरून लागला, त्यांत कावलूरची नोंद होती. ही गोष्ट मी वर्गात सांगतो, तेव्हा पाठीमागच्या बाकावरचे मूलही ऐकते, कारण दिव्यासमोरून हात गेला की प्रकाश अडतो हे त्याला ठाऊक असते. भारतात घडवलेली २.३४ मीटरची मोठी दुर्बीण ६ जानेवारी १९८६ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते सुरू झाली, आणि तिला व वेधशाळेला बाप्पूंचे नाव दिले गेले. ती पाहायला ते नव्हते. १९८२ मध्येच त्यांचे निधन झाले होते.

सर्वसामान्यांसाठी कावलूर शनिवारी खुले असते. दुपारी मोठ्या दुर्बिणीचा घुमट दाखवतात, आणि आकाश निरभ्र असेल तर रात्री पंधरा सेंटिमीटरच्या दुर्बिणीतून ग्रह-तारे दाखवतात. वेळा बदलू शकतात, म्हणून निघण्यापूर्वी संस्थेच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावे आणि शाळेचा गट असल्यास आधी पत्र पाठवावे. पंधरा सेंटिमीटर म्हणजे वीतभरापेक्षा कमी, हे ऐकून पालकांचा चेहरा उतरतो, परंतु मुलांच्या आयुष्यातील पहिले दर्शन याच आकाराच्या दुर्बिणीतून व्हावे असे मला मनापासून वाटते. गुरूचे चार चंद्र एका ओळीत दिसतात, चंद्रावरच्या विवरांच्या कडा कापल्यासारख्या दिसतात. मी गेलो त्या रात्री माझ्या पुढे आलंगायमच्या बाजूचे एक शेतकरी कुटुंब होते. त्यांच्यातील आजीने दुर्बिणीतून शनी पाहिला, मान वर करून नुसत्या डोळ्यांनी तोच तारा पाहिला, पुन्हा दुर्बिणीला डोळा लावला आणि हात जोडले. मला तमिळ येत नाही, पण त्या वेळी समजून घेण्यासारखे काही राहिले नव्हते. शनीची कडी मार्च २०२५ मध्ये आपल्या दृष्टिरेषेत आडवी आली होती. आता ती वर्षागणिक हळूहळू उघडत जातील, त्यामुळे येती काही वर्षे या दर्शनासाठी चांगलीच आहेत.

शनिवारच्या बंधनामुळे अमावास्येचा मेळ घालणे अवघड होते, असा आक्षेप कोणी घेईल. येथे तो लागू पडत नाही. लहान दुर्बिणीतून पाहायचे असेल तर अर्धा चंद्र हाच सर्वांत देखणा विषय असतो, कारण उजेड आणि अंधार यांच्या सीमेवर विवरांच्या सावल्या लांब पडतात. पौर्णिमेला सूर्यप्रकाश समोरून पडत असल्यामुळे हाच चंद्र सपाट दिसतो. म्हणून कावलूरसाठी शुक्ल षष्ठी ते नवमीच्या दरम्यान येणारा शनिवार निवडावा. हानलेसाठी मी जी तिथी टाळायला सांगतो, तीच कावलूरसाठी घ्यायला सांगतो, आणि या दोन ठिकाणांचा खरा फरक येथेच स्पष्ट होतो. हानले हे नुसत्या डोळ्यांनी पाहण्याचे ठिकाण आहे, कावलूर हे दुर्बिणीतून पाहायला शिकण्याचे.

दक्षिणेकडे गेल्याचा आणखी एक लाभ आहे. आपले गाव सुमारे २०.५ उत्तर अक्षांशावर आहे, कावलूर १२.५ वर आणि हानले जवळजवळ ३३ वर. आपल्याकडे त्रिशंकू हा तारकासमूह दक्षिण क्षितिजावर जेमतेम दहा अंश वर येतो आणि तुरीच्या तुऱ्हाट्यांच्या गंजीमागेच राहून जातो. कावलूरहून तो चांगला सतरा-अठरा अंश वर दिसतो, आणि हानलेहून तो दिसतच नाही. जागलीच्या माणसांचा ओळखीचा अगस्त्यही हानलेत चार-पाच अंशांवरच राहतो, म्हणजे बहुधा डोंगराआड जातो. आकाशगंगेचा मध्यभागसुद्धा आपल्या शेतातून हानलेपेक्षा बारा अंश अधिक उंच चढतो. हानलेची श्रीमंती अंधाराची आहे, त्या अंधारात आकाशाचा कोणता भाग दिसेल हे अक्षांश ठरवतो.

प्रवासाच्या बाबतीत कावलूर निर्विवाद सोपे आहे. नागपूर किंवा बल्लारशाह येथून चेन्नईची गाडी धरली की सुमारे सोळा-सतरा तासांत चेन्नई येते, आणि नागपूरहून केरळकडे जाणाऱ्या काही गाड्या काटपाडीमार्गेच जातात. पुढे जोलारपेट किंवा वाणियंबाडीपासून आलंगायममार्गे गाडी करून डोंगर चढायचा. शयनयान डब्याच्या तिकिटात हे सर्व बसते. अडचणी दोन आहेत. एक म्हणजे माहिती इंग्रजीत किंवा तमिळमध्ये मिळते, म्हणून शिक्षकाने आधी अभ्यास करून मुलांना मराठीत सांगण्याची जबाबदारी घेतली पाहिजे. दुसरी म्हणजे तेथे दोन्ही मोसमी पावसांचे ढग येतात, त्यामुळे जानेवारी ते एप्रिल याच काळात जावे. या काळातही ढग आडवे येऊ शकतात, आणि शनिवार हुकला तर पुढच्या शनिवारपर्यंत कोणी थांबू शकत नाही.

कोडाईकनाल आणि इतर

कावलूरच्या शनिवारला कोडाईकनालचा सोमवार जोडता येतो, आणि जोडता आला तर अवश्य जोडावा. पळणीच्या डोंगरात सुमारे २३४० मीटरवर असलेली ही सौरवेधशाळा १८९९ पासून काम करते आहे. येथे वेध सूर्याचा घेतात, म्हणून तिथीचा प्रश्न नाही, मुलांना रात्री जागवण्याचा प्रश्न नाही. कोरडवाहू शेती करणाऱ्या आपल्या लोकांना हिच्या जन्माची कथा विशेष जवळची वाटेल. मद्रास इलाख्यात १८७६-७८ चा भीषण दुष्काळ पडला, आणि पाऊस का हुलकावणी देतो हे समजायचे असेल तर सूर्याचा अभ्यास केला पाहिजे, असा विचार त्यानंतर पुढे आला. सूर्यावरील डागांचा आणि मोसमी पावसाचा सरळ हिशेब काही लागला नाही, परंतु त्या निमित्ताने उभ्या राहिलेल्या वेधशाळेत १९०९ मध्ये जॉन एव्हरशेड यांनी सूर्यडागांच्या कडेने वायू बाहेरच्या दिशेने वाहतो हे दाखवून दिले. विसाव्या शतकाच्या आरंभापासून सूर्याची छायाचित्रे येथे घेतली जात आहेत. मनोऱ्यावरील आरशातून सूर्यप्रकाश खाली आणून लांब भुयारात नेण्याची येथील व्यवस्था १९६० च्या सुमाराची आहे, आणि तिच्यात सूर्याची चौतीस सेंटिमीटरची, म्हणजे लहान परातीएवढी प्रतिमा मिळते. पाहुण्यांसाठी संग्रहालय आहे. तेथे सूर्याची प्रत्यक्ष प्रतिमा आणि त्याच्या प्रकाशाचा वर्णपट पाहायला मिळतो. आठवीच्या मुलाने प्रिझममधून भिंतीवर पाडलेले रंग पाहिलेले असतात. त्या रंगांत बारीक काळ्या रेघा असतात आणि त्या रेघांवरून सूर्यात कोणती मूलद्रव्ये आहेत ते वाचता येते, हे त्याला येथे डोळ्यांनी दिसते.

नैनितालविषयी थोडक्यात सांगतो. १९५१ मीटर उंचीच्या मनोरा शिखरावर आर्यभट्ट संशोधन संस्थेची जुनी वेधशाळा आहे, तेथे नोंदणी करून जाता येते आणि सर्व व्यवहार हिंदीत होतो. हव्या त्या दिशेला वळवता येणारी देशातील सर्वांत मोठी, ३.६ मीटरची प्रकाशीय दुर्बीण मात्र तेथे नाही. ती दूर देवस्थळ येथे आहे, २०१६ मध्ये सुरू झाली, आणि तेथे संस्थेची परवानगी आधी घेतल्याशिवाय जाता येत नाही. देवस्थळची चार मीटरची द्रव आरशाची दुर्बीण मुलांना समजावून सांगण्यासारखी आहे. बादलीतील पाणी गोल ढवळले की मध्ये खोलगट होते, त्याच तत्त्वाने पारा सावकाश फिरवून तिचा आरसा तयार होतो, आणि पारा सांडू नये म्हणून ती कायम डोक्यावरचेच आकाश पाहते. अडचण अशी की आपल्याला सोयीच्या मे महिन्यात नैनितालला पर्यटकांची झुंबड असते आणि कुमाऊंच्या जंगलांतील वणव्यांचा धूर हवेत असतो, तर जूनच्या अखेरीपासून पाऊस लागतो. दिवाळीच्या सुट्टीत आकाश उत्तम असते, पण तेव्हा कापसाची वेचणी सोडून येणार कोण? नोकरदार कुटुंबाने याचा विचार करावा.

महाराष्ट्रातच राहायचे असेल तर जुन्नरच्या परिसरात पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र केंद्राची गिरवली येथील दोन मीटरची दुर्बीण आहे, परंतु तेथेही आधी परवानगी लागते. त्यापेक्षा २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, जवळच्या खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बीण पाहायला जाणे अधिक फलदायी आहे. ४५ मीटर व्यासाच्या तबकड्या पाहून मुले थक्क होतात, आणि शाळांच्या प्रदर्शनात आपले मूलही प्रयोग मांडू शकते. ती डोंगरावर नाही आणि तिच्यातून डोळ्यांना काही दिसत नाही, म्हणून या तुलनेत मी तिला बाजूला ठेवतो.

ज्यांना यंदा विदर्भाबाहेर जाणे शक्य नाही, त्यांनी पेंचचा विचार करावा. नागपूर जिल्ह्यातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातील पहिले डार्क स्काय पार्क म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. त्यासाठी सिल्लारीच्या परिसरातील गावांचे पथदिवे बदलून उजेड फक्त जमिनीकडे पडेल असे करण्यात आले. आमच्या ग्रामपंचायतीने चौकात उंच खांबावर जो झगझगीत दिवा बसवला आहे, तो निम्मा उजेड आकाशात उधळतो. सिल्लारीला जाऊन आलेल्या सरपंचाला हे वेगळे सांगावे लागणार नाही, म्हणून पेंचच्या सहलीत ग्रामपंचायतीच्या एका तरी सदस्याला न्यावे, असे मी आग्रहाने सुचवतो.

माझा कौल

आता स्पष्ट सांगतो. घरात तरुण, धडधाकट माणसेच जाणार असतील, हाताशी नऊ-दहा दिवस असतील, विमानाचा आणि गाडीचा खर्च कर्ज न काढता झेपत असेल आणि कृष्णपक्षाची अखेर साधत असेल, तर हानलेला जावे. यांतील एकही अट सुटत असेल तर जाऊ नये. दोन आजोबा, चार मुले आणि एक शिक्षक असा संमिश्र गट असेल, तर कावलूर, आणि एक दिवस वाढवता आला तर कोडाईकनाल. एकाच्या हानलेच्या खर्चात तिघे-चौघे कावलूरला जाऊन येतात, हा हिशेब मी स्वतः दोन्ही प्रवासांच्या पावत्या समोर ठेवून मांडला आहे. हानलेचे आकाश अधिक चांगले आहे, हे मी अंगणात उभे राहून पाहिले आहे आणि ते नाकारत नाही. परंतु ज्याने शनी कधी दुर्बिणीतून पाहिलेला नाही, ज्याला आपल्याच शेतावरचे तारकासमूह पुरते ओळखता येत नाहीत, त्याला हानलेच्या गर्दीत नेहमीचे तारेसुद्धा सापडत नाहीत. माझ्या मित्रांपैकी एकाला तेथे बाजलेही पटकन दिसेना, इतके तारे त्याच्या आजूबाजूला होते.

आमच्या गटाने कावलूर ठरवले आहे. हरभरा घरात आलेला असेल आणि वार्षिक परीक्षा अजून लांब असेल, असा होळीच्या आदल्या आठवड्यातील शनिवार निवडला आहे. त्या दिवशी चंद्र सप्तमी-अष्टमीचा असेल. रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी उघडते, ती तारीख शाळेच्या फळ्यावर लिहून ठेवली आहे. तोपर्यंतचा अभ्यास म्हणून प्रत्येकाने घरून ध्रुवाची उंची मोजायची आहे. हात ताठ करून मूठ धरली की ती सुमारे दहा अंश भरते, आणि ध्रुव क्षितिजापासून जितका वर तितका आपला अक्षांश. आठवीतल्या एका मुलीने आजोबांच्या मचाणावरून मोजून दोन मुठी असे वहीत लिहून आणले. आजोबांनी स्वतःही मोजले आणि तिच्या दोन मुठींशी त्यांची दीडच भरली, म्हणून दोघांचा वाद झाला. क्षितिजालगतचे झाड धरायचे की धुरा, हे दोघांनी वेगवेगळे धरले होते. धुरा धरून पुन्हा मोजल्यावर दोघांचे जुळले. कावलूरला ध्रुव सव्वा मुठीवर उतरलेला दिसायला हवा, आणि तेथे तो झाडांच्या वर सापडतो की नाही, हे पाहायला आजोबा येणार आहेत.